धाप लागते म्हणून बसून राहावं का?

छातीचे विकार : शंका-समाधान

या वेळी आलेली बरीचशी पत्रं चेन्नईच्या शोळिंगनल्लूर भागातली आहेत. मुलं-सुना ओएमआरवरच्या (जुन्या महाबलीपुरम रस्त्यावरच्या) कंपन्यांत नोकरीला आणि सातारा, सांगली, नगरकडून आई-वडील त्यांच्याकडे राहायला आलेले, अशी मराठी घरं तिथे आता पुष्कळ आहेत. पत्रांतला आजार एकच आहे, सीओपीडी (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होऊन श्वास बाहेर सोडायला अडथळा येणारा दीर्घकालीन आजार). भीती मात्र प्रत्येक घराची वेगळी. नावं वगळून आणि मजकूर थोडा आटोपशीर करून पत्रं देत आहे. त्यांतल्या एका पत्राला छापील उत्तराची वाट पाहायला लावणं योग्य नव्हतं. ते का, हे त्या पत्रापाशीच लिहिलं आहे.

आमची आई ६७ वर्षांची. कऱ्हाडजवळच्या खेड्यातून दीड वर्षापूर्वी आमच्याकडे आली. आयुष्यात विडी-सिगारेटला शिवली नाही, घरातही कोणी ओढत नव्हतं. तरी इथल्या डॉक्टरांनी सीओपीडी सांगितला. एक्स-रे तर नॉर्मल आहे! निदान चुकलं तर नाही ना? आईला वेगळीच काळजी. ती म्हणते, ‘गावाकडं कळलं तर लोक म्हणतील, बाई लपून विड्या ओढत होती.’

आईंना आधी एवढं सांगा की त्यांनी लपवण्यासारखं काहीही केलेलं नाही. त्यांनी फक्त घरच्यांसाठी स्वयंपाक केला आहे. चुलीपुढे बसून लाकूड, गोवऱ्या, तुराट्यांचा धूर वर्षानुवर्षं छातीत गेला, की श्वासनळ्यांना होणारी इजा विडीच्या धुराने होणाऱ्या इजेच्याच जातीची असते. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे प्रा. पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हाच विषय मांडला होता. जगातल्या सीओपीडीच्या रुग्णांपैकी शेकडा २५ ते ४५ जणांनी कधीच धूम्रपान केलेलं नसतं, असा त्यांचा अंदाज होता. तुमच्या चेन्नईला लागून असलेल्या तिरुवळ्ळूर जिल्ह्यात धूम्रपान न करणाऱ्या, तिशीपुढच्या ९०० ग्रामीण स्त्रिया तपासल्या गेल्या. त्याचा अहवाल २०११ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यांच्यात या आजाराचं प्रमाण शेकडा २.४४ निघालं. तेव्हा आईंसारख्या बायका महाराष्ट्रात आहेत तशा तमिळनाडूतही आहेत. बहुतेकींना ‘वय झालं, दमा आहे’ एवढंच सांगितलं जातं.

आता निदानाबद्दल. एक्स-रे नॉर्मल असणं आणि सीओपीडी असणं यांत विरोध नाही. सुरुवातीच्या आजारात एक्स-रे पुष्कळदा स्वच्छच दिसतो. तो काढायचा तो क्षयरोग, न्यूमोनिया, गाठ असं दुसरं काही नाही ना हे पाहायला. निदान ठरतं ते स्पायरोमेट्रीवर (नळीत जोराने फुंकून हवेचा वेग आणि आकारमान मोजणारी तपासणी). छाती भरून श्वास घ्यायचा आणि सगळा जोर लावून सोडायचा. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर आली आणि एकूण किती आली, याचं गुणोत्तर काढतात. मग श्वासनळ्या रुंद करणारं औषध ओढायला देऊन दहा-पंधरा मिनिटांनी तीच तपासणी पुन्हा करतात. औषधानंतरही गुणोत्तर ०.७० पेक्षा कमी राहिलं, तर अडथळा कायमचा आहे असं मानतात. आईंच्या कागदांत हा ‘औषधानंतरचा’ आकडा आहे का, एवढं पाहा. असेल तर तपासण्यांची नवी फेरी नको. नसेल तर छातीच्या डॉक्टरांकडून ही एकच तपासणी नीट करून घ्या. तरुणपणी क्षयरोगाचे उपचार झाले असतील तर तेही न विसरता सांगा, कारण त्या व्रणांमुळेही अशीच धाप लागू शकते.

पुष्कळ घरांत एक गैरसमज असतो. प्लास्टिकच्या तीन गोळ्या वर उचलायचं यंत्र म्हणजे स्पायरोमेट्री नव्हे. ते शस्त्रक्रियेनंतर खोल श्वास घेण्याच्या सरावासाठी असतं. त्यातल्या किती गोळ्या वर गेल्या यावरून आजार वाढला की कमी झाला हे ठरत नाही.

सासरे ७२ वर्षांचे. बाथरूमपर्यंत जाऊन आले तरी धाप लागते. बोटाच्या मशीनवर ९५ असतं ते ९० होतं. आम्ही घाबरून त्यांना खुर्चीतून उठूच देत नाही. ताट हातात, पाणी हातात. फिजिओथेरपिस्ट म्हणतात, रोज चालवा. सासूबाई म्हणतात, चालता चालता काही झालं तर जबाबदार कोण? मी चालवायच्या बाजूची, म्हणून घरात माझ्याशी धड कुणी बोलत नाही. खरं काय करावं?

सासूबाईंची भीती मी समजू शकतो. समोर माणूस धापा टाकत असताना ‘चला’ म्हणणं निष्ठुरपणाचं वाटतं. पण या आजारात धाप आणि धोका या दोन गोष्टी एक नव्हेत.

सीओपीडीत श्वास आत जायला फारशी अडचण नसते, तो बाहेर पडायला वेळ लागतो. घाईने चाललं की आधीची हवा बाहेर पडायच्या आत पुढचा श्वास घ्यावा लागतो आणि छातीत हवा साठत जाते. भरलेल्या बसमधून उतारू उतरलेच नाहीत तर नवे चढणार कुठून, तसा हा प्रकार. माणूस घाबरून बसतो आणि बसून राहिला की मांड्यांचे स्नायू रोडावतात. असे कमजोर स्नायू थोड्याशा कामातच थकतात, त्यांच्यात आम्ल लवकर साठतं, ते निस्तरायला जास्त श्वास लागतो आणि पुन्हा धाप. गेल्या महिन्यात जिन्याने धाप लागत होती ती या महिन्यात बाथरूमपर्यंत जाताना लागते, यात फुफ्फुसाचा आजार वाढलेला असेलच असं नाही. पाय कमजोर झालेले असणं खूप संभवतं, आणि पाय पुन्हा घडवता येतात. फुफ्फुसाचं झालेलं नुकसान भरून येत नाही, म्हणून मी पायांवर एवढा भर देतो.

याच कामाला श्वसन-पुनर्वसन (मोजमाप करून आखलेला व्यायाम, श्वासाची तंत्रं, आहार आणि आजाराची माहिती यांचा एकत्र कार्यक्रम) म्हणतात. २०१५ च्या कॉक्रेन आढाव्यात अशा ६५ चाचण्या आणि ३८२२ रुग्ण एकत्र तपासले गेले. धाप कमी होते, चालण्याची ताकद वाढते, जगणं सुसह्य होतं, हे त्यात इतकं स्पष्ट दिसलं की ‘पुनर्वसन द्यावं की न द्यावं’ या प्रश्नावर नव्या चाचण्यांची गरजच उरलेली नाही, असं मत मांडलं गेलं. स्पायरोमेट्रीचा आकडा मात्र याने हलत नाही. तीन महिन्यांनी तो आकडा तसाच पाहून कुणी निराश होऊ नये.

मोजल्याशिवाय चालवायचं नाही, ही सासूबाईंची बाजू बरोबर आहे. आधी डॉक्टरांनी हृदय तपासलेलं हवं. मग सहा मिनिटांची चाल-चाचणी होते. तीस मीटरच्या सपाट व्हरांड्यात दोन टोकांना खुणा ठेवतात. सहा मिनिटांत जमेल तेवढं, आपल्या गतीने, हवं तेव्हा थांबून चालायचं. किती मीटर झालं, ऑक्सिजन कुठपर्यंत उतरला, नाडी किती वाढली आणि धाप किती वाटली, हे टिपून ठेवतात. यावरून व्यायामाची मात्रा ठरते. कार्यक्रम साधारण सहा ते आठ आठवड्यांचा, आठवड्यातून दोन-तीन वेळा देखरेखीखाली. त्या चाचणीत पुढच्या वेळी तीसेक मीटर जास्त झालं, तरी माणसाला रोजच्या जगण्यात फरक जाणवतो.

घरी काय? दिवसातून दोनदा, सकाळी ऊन चढायच्या आत आणि संध्याकाळी, फ्लॅटच्या व्हरांड्यात चाला. मध्ये एक खुर्ची ठेवा. दोन मिनिटं चालून एक मिनिट बसायचं, असं तीन-चार वेळा. चालताना तुटक वाक्य बोलता आलं पाहिजे. अजिबात बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे, आणि गाणं म्हणता येत असेल तर फार कमी. नाकाने दोन आकडे मोजत श्वास घ्यायचा आणि गरम चहावर फुंकर घालताना करतो तसे ओठ ठेवून चार आकड्यांत सोडायचा. उठताना, वाकताना, बादली उचलताना श्वास सोडायचा, रोखायचा नाही. धाप वाढली की टेबलावर कोपर टेकून पुढे झुकून बसायचं. दोन-तीन मिनिटांत ती उतरते, हे त्यांनी चार वेळा स्वतः अनुभवलं की निम्मी भीती जाते. खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं हाही मांड्यांचा उत्तम व्यायाम आहे.

९५ वरून ९० होणं ही घाबरण्याची गोष्ट नाही. चालताना ८८ च्या खाली जाऊ लागलं तर थांबा, विसावा घ्या आणि डॉक्टरांना कळवा. काही रुग्णांना व्यायामापुरता ऑक्सिजन द्यावा लागतो. छातीत दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, थंड घाम, नाडी अनियमित वाटणं यांपैकी काहीही झालं तर व्यायाम तिथेच बंद आणि त्याच दिवशी डॉक्टर. शोळिंगनल्लूरहून मेडवाक्कममार्गे तांबरमला गेलं की सरकारी छातीरोग रुग्णालय लागतं. १९२८ मध्ये क्षयरोग्यांसाठी निघालेलं ते सॅनेटोरियम आज छातीच्या सर्व विकारांचं मोठं केंद्र आहे. घराबाहेर पडणं शक्यच नसेल तर तमिळनाडू सरकारच्या ‘मक्कळै तेडि मरुत्तुवम’ या २०२१ पासूनच्या योजनेत घरी फिजिओथेरपीची सोय आहे. जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात चौकशी करा.

आणि ताट त्यांच्या हातात देऊ नका. टेबलापर्यंत येऊ द्या.

वडील चार दिवसांपासून दिवसा पेंगतात. सकाळी उठल्यावर डोकं दुखतं म्हणतात. घोट्यांवर सूज आहे. ऑक्सिजनचं मशीन दोनवर होतं, आम्ही पाचवर केलं. बोटावर ९८ दिसतं, तरी बोलता बोलता झोप लागते. औषध बदलावं का?

हेच ते पत्र. ते वाचल्याबरोबर या कुटुंबाला फोन करून त्याच दिवशी रुग्णालयात जायला सांगितलं. इथे ते दुसऱ्या घरांसाठी छापत आहे.

या आजारात काही रुग्णांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो. त्यांना गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन दिला की तो आणखी साठतो. पेंग, सकाळची डोकेदुखी, हात थरथरणं, गोंधळल्यासारखं बोलणं ही त्याची लक्षणं. बोटावरचं यंत्र फक्त ऑक्सिजन मोजतं, कार्बन डायऑक्साइड नाही. म्हणून ९८ पाहून घरच्यांना बरं वाटतं आणि रुग्ण आतून खालावत असतो. सीओपीडीत ऑक्सिजन लावल्यावर ८८ ते ९२ एवढंच लक्ष्य ठेवतात. ‘शंभरच्या जवळ’ नेण्याचा प्रयत्न करू नये. धमनीतून रक्त घेऊन वायूंची तपासणी करावी लागते आणि कधी मास्कने श्वासाला जोर देणारं यंत्र लावावं लागतं. हे घरी होण्यासारखं नाही. पेंग, निळसर ओठ, एक वाक्य पूर्ण न बोलता येणं, यांपैकी काहीही दिसलं की १०८ ला फोन करा. मशीन स्वतःहून वाढवू नका, आणि घाबरून एकदम बंदही करू नका.

डॉक्टरांनी आईला रोज सोळा तास ऑक्सिजन लावायला सांगितलं आहे. ती रडते. म्हणते, ‘शेजारच्या काकांना मशीन आणलं आणि वर्षात गेले.’ एकदा लावलं की सुटतच नाही म्हणतात. थोडं कमी लावलं तर चालेल का?

काका मशीनमुळे गेले नाहीत. मशीन आलं तेव्हा त्यांचा आजार पुढे गेलेला होता. दीर्घकालीन ऑक्सिजन हा या आजारात आयुष्य वाढवणाऱ्या मोजक्या उपायांपैकी एक आहे. अमेरिकेतल्या १९८० च्या आणि ब्रिटनमधल्या १९८१ च्या चाचण्यांनी ते दाखवून दिलं. मात्र तो सरसकट सगळ्यांना लागत नाही. आजार स्थिर असताना, विश्रांतीत, रक्तातला ऑक्सिजनचा दाब ५५ मिमी (पारा) किंवा त्याहून कमी, किंवा बोटावर ८८ किंवा त्याहून कमी असेल तरच. आणि मग दिवसातून किमान पंधरा तास, झोपेचे तास धरून. ‘दम लागला की दहा मिनिटं’ लावून तो फायदा मिळत नाही. त्यामुळे कमी करू नका. सवय लागते हेही खरं नाही. नुकत्याच झालेल्या जंतुसंसर्गाच्या काळात तो सुरू केला असेल तर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा मोजून घ्या, काहींचा सुटतो.

नळी लांब घ्या, म्हणजे आई घरभर फिरू शकतील. देवघरातला दिवा, उदबत्ती आणि गॅसची शेगडी यांपासून लांब राहायला सांगा. वीज गेली तर काय, याची व्यवस्था पावसाळी वादळांच्या आधी, म्हणजे ऑक्टोबरच्या आत करून ठेवा. सोसायटीच्या जनरेटरवर तुमच्या घरातलं तेच सॉकेट चालतं का हे स्वतः तपासून घ्या.

मी स्वतः रुग्ण. वय ६१. पंप सुरू केला की आयुष्यभराची सवय, म्हणून बरं वाटलं की सोडतो. गोळ्यांवर भागणार नाही का? शिवाय पंपाने मला काडीचा फरक पडत नाही.

सवय औषधाची लागत नाही. आजार कायमचा आहे, म्हणून औषधही रोजचं. चष्मा लावला नाही तर अंधुक दिसतं, पण त्याला कुणी चष्म्याचं व्यसन म्हणत नाही. गोळी पोटातून सगळ्या शरीरभर जाते, तर पंपातून अगदी थोडी मात्रा थेट श्वासनळीत पोचते. म्हणून पंप हा सौम्य मार्ग आहे.

फरक पडत नाही, याचं कारण बहुधा ओढण्याच्या पद्धतीत आहे. कॅप्सूल घालून फिरवायचं उपकरण असेल तर आधी तोंड बाजूला करून श्वास पूर्ण सोडा, मग जोरात आणि खोल ओढा. कॅप्सूल आत खुळखुळल्याचा आवाज यायला हवा. दहा आकडे श्वास धरा, उपकरण उघडून पूड उरली का पाहा, उरली असेल तर पुन्हा ओढा. कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारे रुग्णही भेटतात. त्यात त्यांची चूक नाही, त्यांना कुणी करून दाखवलेलं नसतं. चेन्नईच्या दमट हवेत कॅप्सूल आधीच पाकिटातून काढून ठेवल्या की मऊ पडतात आणि पूड चिकटते. फवाऱ्याचा पंप असेल तर उलट, सावकाश ओढायचा, आणि मध्ये स्पेसर (औषध साठवणारा प्लास्टिकचा डबा) हवाच. तो साबणाच्या पाण्यात बुडवून तसाच वाळवा, फडक्याने पुसू नका, नाहीतर औषध त्याच्या भिंतींना चिकटतं. पंपात स्टिरॉइड असेल तर नंतर चूळ भरा. पुढच्या भेटीत पंप बरोबर न्या आणि डॉक्टरांसमोर ओढून दाखवा.

इथे मेट्रोच्या कामाची धूळ, भोगीला जुन्या वस्तू जाळतात तो धूर, शेजारी रोज सांब्राणीचा धूप. आबांना परत गावी न्यावं का?

पत्रातली चिंता अवाजवी नाही. २०२२ च्या एप्रिलअखेरीस पेरुंगुडीच्या कचरा डेपोला आग लागली, तेव्हा तुमच्या सगळ्या पट्ट्यात धूर पसरला होता. पण गावी चूल, शेकोटी आणि उसाच्या पाचटाचा धूर असेल तर तिथे नेऊन काय मिळवलं? भोगीच्या पहाटे खिडक्या बंद ठेवा आणि फिरणं दुपारवर न्या. रस्त्याच्या बाजूची खोली त्यांना देऊ नका. घरातला धूर मात्र पूर्ण तुमच्या हातात आहे. डासांची कॉइल बंद करून मच्छरदाणी लावा, उदबत्ती-धूप त्यांच्या खोलीत नको, फोडणीच्या वेळी पंखा चालू ठेवा. शेजाऱ्यांना आजार सांगून विनंती करा. बहुतेक लोक समजून घेतात. दरवर्षी फ्लूची लस आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने न्यूमोकोकल लसही द्या. आबा अजून विडी ओढत असतील, तर ती सोडण्याइतका मोठा उपाय दुसरा नाही, आणि त्यासाठीही औषधं आहेत, डॉक्टरांकडे मोकळेपणी विचारा.

कपालभाती आणि फुगे फुगवणं सुरू केलं तर फुफ्फुसं मोकळी होतील का?

जोराने भराभर श्वास फेकल्याने छातीत हवा आणखी साठते. आजार मध्यम किंवा तीव्र असेल तर कपालभाती, भस्त्रिका आणि श्वास रोखून धरणारे कुंभक नकोत. संथ अनुलोम-विलोम, श्वास न रोखता, चालेल. फुग्यांनी विशेष साधत नाही. तो वेळ चालायला द्या.

डिसेंबरात पुण्याला भाचीचं लग्न. मला सीओपीडी आहे, बोटावर ९३. विमानात ऑक्सिजन कमी असतो असं ऐकलं. सगळे म्हणतात, राहू दे. जाऊ का?

ऐकलं ते खरं आहे. विमानातला हवेचा दाब समुद्रसपाटीपासून ८००० फुटांपर्यंतच्या उंचीइतका, म्हणजे कळसूबाईच्या शिखराहूनही वरचा असू शकतो. तुमचा ९३ तिथे आणखी खाली येईल. पण त्यामुळे लग्न चुकवायचं कारण नाही. निघण्याच्या महिनाभर आधी छातीच्या डॉक्टरांना भेटा. ते चाल-चाचणी आणि गरज वाटली तर कमी ऑक्सिजनच्या हवेत श्वास घ्यायला लावून करायची चाचणी घेऊन ठरवतील की प्रवासात ऑक्सिजन लागेल का. लागणार असेल तर विमान कंपनीला आधी कळवून वैद्यकीय परवानगी घ्यावी लागते. घरचा सिलिंडर विमानात नेऊ देत नाहीत, मंजूर झालेलं लहान यंत्र चालतं. त्याच्या बॅटऱ्या विमानतळावरचा वेळ धरून पुरतील इतक्या घ्या. मधल्या काळात कफ वाढला, त्याचा रंग पिवळा-हिरवा झाला किंवा नुकतंच रुग्णालयात राहावं लागलं, तर तारीख पुढे ढकला.

पंप हातातल्या पिशवीत ठेवा, बॅगेत नको. विमानतळावर चाकाची खुर्ची मागून घ्या. डिसेंबरात पुण्याची पहाट थंड असते, तेव्हा नाका-तोंडावरून मफलर घ्या. होमाच्या धुरात बसू नका, मांडवाच्या कडेला मोकळ्या हवेत खुर्ची मिळेल. आजपासून डिसेंबरपर्यंत रोज चाललात, तर वरातीत चार पावलं सगळ्यांबरोबर टाकता येतील.